नीलाबाईची मूठ

तातेरावाने बैल सोडले, गाडीचं जू खाली टेकवलं, तरी द्वारकाबाई गाडीतून उतरेना. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तिचा लोखंडी तवा होता आणि डाव्या हातात पदराची गाठ. डोंगरकड्याहून निघाल्यापासून ती गाठ तिने सोडली नव्हती.

"उतर की, माय," तातेराव म्हणाला.

"उतरते. आधी बघू तर दे, माझं गाव कुठं कुठं येऊन बसलंय ते."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डोंगरकड्याच्या पेठेतला शिंपी आपलं मशीन घेऊन वारंग्याच्या या फाट्यावर आला होता आणि कुडाच्या खोपटात बसून कोट शिवत होता. गावात कोट घालणारे दोघे, तेही लग्नापुरते. पण मोटारीतून उतरणाऱ्यांना कोट लागत होते. तीन पिढ्या एकाच ओट्यावर बसलेला कासार इथे पत्र्याखाली बांगड्या मांडून होता. सोड्याच्या बाटल्या, भाड्याच्या सायकली, पुक्-पुक् करणारी इंजनची गिरणी. बाळापूरच्या वाटेला सिनेमाचा तंबू ठोकलेला; दिवसा तो भलताच केविलवाणा दिसत होता, पण तो बघायला कळमनुरीकडून गाड्या जुंपून माणसं येत. वर्षापूर्वी इथे एक लिंब, एक विहीर आणि जकातीचं नाकं, एवढंच होतं. मग सरकारी मोटार रोज दोन खेपा करू लागली आणि पेठ सुटी होऊन एकेक दुकान चालत इकडे आलं. डोंगरकड्याला माणसं उरली ती झोपण्यापुरती.

त्या पेठेतलं शेवटचं काय राहिलं होतं, तर द्वारकाबाईची चूल.

तिच्या सासऱ्याने गावच्या गाडीतळावर ती मांडली, त्याला साठ वर्षं झाली होती. रीत तेव्हापासून एकच. उतारूने आपलं पीठ आणायचं, चुलीवरच्या बाईने भाकरी थापून द्यायच्या आणि तिची म्हणून एक मूठ पीठ आधी काढून घ्यायची. शिजलेलं अन्न विकायचं नाही. एकाचं पीठ दुसऱ्याच्या पिठात मिसळायचं नाही. दोघे सख्खे भाऊ असले, तरी वेगळे निघाले असतील तर परात पुसून मगच दुसऱ्याचं पीठ घ्यायचं. आणि एकदा मूठ काढली, की पीठ चुलीच्या हवाली झालं. उतारू चार दिवसांनी परत आला तरी त्याचं पीठ त्याला तसंच मिळणार. द्वारकाबाईच्या चाळीस वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. तिला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

पदराच्या गाठीत होती ती नीलाबाईची मूठ.

तांड्याचा नाईक गुलाबसिंग याची बायको नीलाबाई गेल्या आठवड्यात बसल्या जागी गेली. पहाटे दळण दळलं, पीठ कवड्या लावलेल्या आपल्या थैलीत भरलं, चुलीपाशी बसली आणि गेली. गुलाबसिंगाचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या मुलखातून जायचे, तेव्हापासून तांड्याचं पीठ डोंगरकड्याच्या चुलीवर उतरत होतं. पण नांदेडला गोदेत राख सोडायला बैलगाडीने किती दिवस लागणार? म्हणून परवा म्हातारा जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसला. बसण्याआधी फाट्यावर, द्वारकाबाईच्या धाकट्या मुलाच्या खानावळीत, जावेकडे निरोप घेऊन आलेली तिची थोरली सून पार्वतीबाई दिसली, तिच्या हातात त्याने ती थैली दिली. "परवा दुपारच्या मोटारीनं येतो," तो म्हणाला होता. "द्वारकाबाईला इथं बोलव. तिच्या हातची भाकर खाऊन मंग तांड्यावर जातो. नीलाचं शेवटचं दळण हाय."

पार्वतीबाईने रीतीप्रमाणे मूठ काढली, फडक्यात बांधली आणि संध्याकाळी डोंगरकड्याला सासूच्या हातात दिली. एरवी ती घरच्या पिठाच्या मडक्यात जायची. पण ही मूठ द्वारकाबाईला मडक्यात टाकवली नाही.

"माय, आली का!" धाकटा व्यंकटराव धावत आला आणि पाया पडला. चार महिन्यांपूर्वी त्याने भांडून, रुसून, शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आणून ही खानावळ घातली होती. आज त्याने नवा सदरा चढवला होता आणि हसू थोडं जास्तच होतं. त्याच्या मागे भिंतीला एक पाटी उलटी टेकवून ठेवलेली. तिच्यावर मराठीत आणि खाली उर्दूत 'द्वारकाबाईची खानावळ' असं रंगवून आणलं होतं. नाईकाची भाकरी झाली, की माय फाट्यावर राहायला येणार का नाही ते सांगणार होती. हो म्हणाली की पाटी लागणार होती. या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ते नाव ठाऊक होतं आणि व्यंकटरावाला ते हवं होतं.

द्वारकाबाईने पाटीकडे पाहिलं नाही. ती आत गेली, तवा चुलीपाशी ठेवला आणि खुंटीवरची कवड्यांची थैली काढून मांडीवर घेतली. कवड्यांवरून हात फिरवला. मग दोरी सोडून चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"आशा," तिने धाकट्या सुनेला हाक मारली. "हे पीठ कुनाचं?"

आशाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "नीलाबाईचंच की, आत्याबाई. उडीद हाय बघा त्यात. त्या घालायच्या तसा."

"उडीद हाय, व्हय. पन इंजनच्या गिरनीत पट्ट्याचा वास लागतो पिठाला. नीला गेली त्या दिशी तिच्या तांड्यात इंजन आलं व्हतं का?"

आशाबाईने तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

*

व्यंकटरावाला वाटलं होतं, माय फार तर थैली बघेल. उघडेल असं वाटलं नव्हतं आणि उघडली तरी कळेल असं तर मुळीच नव्हतं. आता सगळे त्याच्याकडे बघत होते: चुलीपाशी माय, दारात दादा, पार्वतीवहिनी, आणि बाकावर चहाची बशी धरून काका. संतरामकाका डोंगरकड्याला कुणाशी धड बोलत नसे, पण फाटा झाल्यापासून रोज चालत येऊन दिवसभर या बाकावर बसायचा आणि मोटारीतल्या परक्या माणसांना हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या गोष्टी सांगायचा.

"मी वापरलं," व्यंकटराव म्हणाला. "परवा. दोन मोटारी एकदम आल्या. एकीचं चाक मोडलेलं. तीस-पस्तीस मानूस, बायका, लेकरं. भाकरी पुरेनात. गिरनीवाला बाजाराला गेलेला, गिरनीला कुलूप."

"जवारी नव्हती?"

"पोतंभर व्हती."

"जवारी व्हती आन् जातं नव्हतं," द्वारकाबाई म्हणाली. "खानावळ घालतो आन् घरात जातं ठेवत न्हाई."

"मला वाटलं, पीठ तर हाय. नाईक यायच्या आत दुप्पट भरून ठेवू. तसंच दळून आनलं माय, उडीद मोजून घातला. त्याचं काही कमी केलं न्हाई मी!"

हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या खानावळीत रोज पीठ येत होतं आणि जात होतं. कालचं कुठलं, आजचं कुठलं, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. परवा त्या गर्दीत, धुरात, आरडाओरड्यात काहीतरी मोडलं गेलं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. वाटलं ते आज सकाळी, माय गाडीतून उतरेना तेव्हा.

"कमी केलं न्हाई म्हनतो!" तातेराव दारातून आत आला. तो कमी बोलणारा माणूस. बोलला की घरातले दचकत. "नाईक दारात आला की मी सांगतो त्याला. तुझ्या बायकोचं पीठ माझ्या भावानं मोटारवाल्यांना खाऊ घातलं, म्हनून सांगतो."

"सांग, सांग," संतराम बशी खाली ठेवत म्हणाला. "उद्यापासून एक गाडीवान थांबनार न्हाई इथं. तांड्यावाले तर थुंकतील. तुझं काय जातंय? तू शेतात. त्या पोराचं बिऱ्हाड उठंल."

"उठू द्या."

"तातेराव, भाऊ हाय तो."

"म्हनूनच बोलून राहिलो, काका. परका असता तर नुसता उठून गेलो असतो."

तेवढ्यात पार्वतीबाई बोलली. अठरा वर्षं ती सासूच्या शेजारी बसून भाकरी थापत आली होती. पिठाच्या बाबतीत तिची जीभ सासूहून कडक. व्यंकटरावाने खानावळ घातली तेव्हा सगळ्यात आधी तीच त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. त्यामुळे ती काय म्हणणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"काही सांगू नका त्यांना," ती म्हणाली.

तातेरावाने वळून पाहिलं. "काय म्हनली?"

"म्हातारा राख सोडून येऊन राहिला. तीन दिवस एकच गोष्ट धरून असंल, की नीलाबाईच्या पिठाची भाकर खायची हाय. ती बी काढून घ्यायची का त्याच्याकडून? हे पीठ थापा, आत्याबाई. तो खाईल, डोळे पुसंल, घरी जाईल. पाप लागंल ते आपल्याला लागंल. त्याला काहून त्याची तकलीफ?"

व्यंकटरावाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. ज्या वहिनीने चार महिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ती त्याच्या बाजूने बोलत होती. मग त्याच्या लक्षात आलं, की ती त्याच्या बाजूने बोलतच नाही. तो तिच्या ध्यानातसुद्धा नाही. याचं त्याला वाईट वाटलं.

संतरामला मात्र हुरूप आला. "अगं, पाप तरी कशापायी लावून घ्यायचं? वयनी, त्या गाठीत नीलाबाईची मूठ हाय ना? तीन दिवस झाले धरून बसल्या तुमी, तातेराव सांगत व्हता. ती सोडा या पिठात. मिसळून टाका. मंग झालंच की तिच्या हातचं. खोटं बी न्हाई आन् कमी बी न्हाई!"

हे इतकं सोयीचं होतं की क्षणभर सगळ्यांनाच पटलं. तातेरावालासुद्धा. व्यंकटरावाच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने लगेच परात पुढे सरकवली, तिच्यात थैली रिकामी केली आणि मध्ये बोटाने खळगा केला. मूठभर पीठ मावेल एवढा.

द्वारकाबाई त्या खळग्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय काय चाललं होतं ते सगळं तिने पुढे कितीतरी वर्षांनी पार्वतीबाईला सांगितलं. तिलाही ते पटलं होतं. चाळीस वर्षांचं नाव एका मुठीत वाचत होतं, पोराचा संसार वाचत होता आणि म्हातारा सुखाने जेवणार होता. गाठीवरची तिची बोटं सैल झालीसुद्धा होती.

"चूल पेटवा," ती एवढंच म्हणाली.

*

पार्वतीबाई पाण्याला विहिरीवर गेली तर आशाबाई तिथे कठड्याला धरून उभी. पाणी काढत नव्हती. डोळे सुजलेले.

दोघी जावा. आशाबाई तिच्याहून दहा वर्षांनी लहान, बाळापूरच्या व्यापारी गावात वाढलेली. डोंगरकड्याच्या चुलीपाशी ती कधी रमली नाही आणि फाट्यावर आल्या दिवसापासून तिचं तोंड उजळलं होतं. पार्वतीबाईला ते बघवत नसे. आज मात्र तिच्याने ओलांडून जाववेना.

"काय झालं गं?"

"जाऊबाई, त्यांनी न्हाई वतलं." आशाबाईचा आवाज बसला होता. "मी वतलं. ते भायेर मोटारवाल्यांशी बोलून राहिले व्हते. त्यांना ठाऊक बी नव्हतं. मंग समजलं तर म्हनले, तू गप बस, मी माझ्या अंगावर घेतो."

"थैली कुनाची ते तुला ठाऊक नव्हतं?"

"व्हतं. तुमी माझ्यासमोर खुंटीला लावली. एक बाई व्हती जाऊबाई, कडेवर दीड-दोन वर्साचं लेकरू. सकाळपासून मोटारीत उपाशी. ते रडत सुदिक नव्हतं, नुसतं माझ्या हाताकडं बघत व्हतं. डब्यात पीठ संपलं. मी खुंटीकडं पायलं. एकच भाकर करते म्हनलं, त्या लेकरापुरती. एक केली तर दुसऱ्यानं हात केला. मंग तिसऱ्यानं. मी थांबलेच न्हाई."

आपण तिथे असतो तर काय केलं असतं, हा विचार पार्वतीबाईच्या मनात आला आणि त्याचं उत्तर तिला आवडलं नाही. चूक तर आपलीही होतीच. मूठ काढल्यावर थैली गावाला न्यायची, की पिठाच्या डब्यांशेजारी टांगून जायची? गावाच्या चुलीवर अशी थैली वेगळ्या कोनाड्यात जायची. इथे कोनाडाच नव्हता. भिंती नव्या होत्या, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने आशाबाईच्या हातातली घागर घेतली. "डोळे पूस. चल."

वाटेत सिनेमाच्या तंबूवाल्याने ग्रामोफोन लावला होता. व्यंकटरावानेच तो आजच्या दिवसापुरता मागितला होता, पाटी लागताना वाजावा म्हणून. तातेराव तरातरा चालत गेला आणि हात जोडून काहीतरी बोलला. गाणं मध्येच बंद पडलं.

*

दुपारची मोटार वेळेवर आली. गुलाबसिंग उतरला, त्याच्या मागे थोरला मुलगा रूपसिंग. म्हाताऱ्याच्या पागोट्यावर धूळ होती आणि हातात रिकामं मडकं, फडक्यात बांधलेलं. द्वारकाबाईला दुरूनच दिसलं, की नीलाबाई गेल्यापासून तो पाच वर्षांनी वाकला आहे. मोटारीतले बाकीचे लोक खानावळीकडे निघाले तसे व्यंकटरावाने हात आडवा करून त्यांना लिंबाखाली बसवलं. "जरा थांबा. आधी घरचं मानूस जेवनार हाय."

"राम राम, बाई," गुलाबसिंग चुलीसमोर बसला.

"राम राम, नाईक. झालं का सारं बराबर?"

"झालं. पानी लई व्हतं. लगेच गेली." त्याने रिकामं मडकं शेजारी ठेवलं. "मोटारीत मला मळमळलं. नीला असती तर हसली असती."

"हसली असती," द्वारकाबाई म्हणाली.

परात समोर होती. गिरणीचं पीठ, मध्ये खळगा. तवा तापला होता. सगळे जमले होते: संतराम बाकाच्या टोकाला, दोघी सुना भिंतीशी, दारात दोघे भाऊ. दोन्ही भाऊ शेजारी उभे राहिलेले तिने चार महिन्यांत पाहिले नव्हते. म्हातारा चुलीतल्या जाळाकडे बघत वाट पाहत होता.

तिने पदराची गाठ सोडली.

मग तिने परात उचलली, त्यातलं सगळं पीठ शेजारच्या डब्यात ओतलं आणि परात पुसली. एकदा कोरड्या फडक्याने, एकदा ओल्या, पुन्हा कोरड्या. मूठभर पीठ परातीत टाकलं. त्यातले उडदाचे काळे कण तिला ओळखीचे होते. फडकं झटकून चिकटलेलं पीठही घेतलं. संतराम उठून काहीतरी पुटपुटला. तातेरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. द्वारकाबाईने पाणी शिंपडलं, पीठ मळलं आणि भाकरी थापली. ती झाली तळहाताएवढी. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याशी उभी करून शेकली. भाकरी टम्म फुगली. ती तिने ताटलीत ठेवून गुलाबसिंगापुढे सरकवली.

"एवढीशी काहून, बाई?"

"एवढंच राह्यलं, नाईक. ही माझी मूठ. बाकीचं पीठ माझ्या घरानं परवा मोटारवाल्यांना खाऊ घातलं. तुला दुसरं दळून थैलीत भरून ठेवलं व्हतं. मिसळून द्यायचं बी ठरलं व्हतं. मला बी पटलं व्हतं ते."

गुलाबसिंगाने तिच्याकडे पाहिलं. समजायला त्याला वेळ लागला. रूपसिंगाला लगेच समजलं. तो ताडकन उभा राहिला. "बा, चल. ऊठ! यांच्या हातचं पानी नको आपल्याला. अमानत खाल्ली यांनी."

"बस," म्हातारा म्हणाला. मग द्वारकाबाईला विचारलं, "कुनी काढलं?"

"माझ्या चुलीनं काढलं. दुसरं नाव इचारू नको."

"मी काढलं," आशाबाई भिंतीपासून पुढे आली. व्यंकटराव तिला मागे ओढू लागला, तिने हात सोडवून घेतला. "यांचं काही न्हाई त्यात. एक लेकरू उपाशी व्हतं. त्याच्यासाठी काढलं. मंग सारंच गेलं."

पार्वतीबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

बाहेर मोटारीतली माणसं अधीर झाली होती. कुणीतरी टाळी वाजवून भाकरी मागत होतं. गुलाबसिंग ताटलीकडे बघत बसला.

"जेवलं का ते लेकरू?" त्याने विचारलं.

"जेवलं."

त्याने मान हलवली. भाकरीचे तीन तुकडे केले. एक रूपसिंगाच्या हातात दिला. रूपसिंगाने तो घेतला, पण तोंड फिरवून. एक स्वतःला ठेवला. तिसरा त्याने द्वारकाबाईपुढे धरला.

"हे काय, नाईक?"

"तुझी मूठ."

"मूठ तर हीच व्हती. वापस दिली मी."

"मंग तुला काय राह्यलं? नीला म्हनायची, बाईची मूठ ठेवल्याबिगर खाऊ नको. घशाखाली उतरत न्हाई." त्याने तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. चाळीस वर्षांत उतारूच्या भाकरीतला घास द्वारकाबाईने तोंडात घातला नव्हता. हात मात्र तिने मागे घेतला नाही.

गुलाबसिंगाने आपला तुकडा सावकाश चावून खाल्ला, मग तो पाणी प्याला आणि उठला. रिकामी थैली त्याने घडी करून छातीशी धरली. दाराशी जाऊन तो वळला.

"बाई, तुझ्यावर राग न्हाई माझा. पन याच्या म्होरं तांड्याचं पीठ इथं उतरनार न्हाई. मानसं भरोशाची असतील. जागा भरोशाची न्हाई."

"बराबर हाय, नाईक," द्वारकाबाई म्हणाली.

बापलेक पायवाटेने तांड्याकडे निघाले. ते गिरणीच्या पलीकडे दिसेनासे झाले. मग व्यंकटराव आईपाशी येऊन उकिडवा बसला. त्याने तिच्या लुगड्याचा काठ धरला, आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच द्वारकाबाईला तो आपला धाकटा वाटला.

"मी गावीच राह्यते," ती म्हणाली. "चूल विझवून टाकते. आता कुनी येनार बी न्हाई तिथं. तू खानावळ चालव. भुकेल्या मानसाला वाढ, त्याच्यात काही वाईट न्हाई. तुझी बायको त्याच्यासाठीच चुकली. एक जातं आन, एक कोनाडा कर. आन् त्या पाटीवरचं नाव खरडून टाक."

"माय..."

"माझं नाव दुसऱ्याचं पीठ सांभाळायचं व्हतं रे. ते काम तुझ्या इथं न्हाई."

व्यंकटराव उठला, बाहेर गेला आणि पाटी उचलून मागच्या बाजूला नेली. थोड्या वेळाने तिकडून विळ्याने लाकूड खरडल्याचा आवाज येऊ लागला. लिंबाखालची माणसं आता दारात आली होती. आत बाकावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे बसू लागली. आशाबाई आणि पार्वतीबाई एकमेकींकडे पाहून खाली बसल्या; एकीने परात ओढली, दुसरीने डब्यातलं पीठ घेतलं. द्वारकाबाईने आपला तवा चुलीवरून उतरवला आणि त्यांना त्यांचा तवा ठेवायला जागा करून दिली.

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तळहातावरचा तुकडा तोंडात घातला. भाकरी गार झाली होती. उडदाची चव जिभेवर आली. नीलाबाई गेल्याचं कळलं तेव्हापासून तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता. आता तो तुकडा चावता चावता द्वारकाबाई रडू लागली.

मागे कुणीतरी दुसरी भाकरी मागत होतं.